लखोटा, शिक्का आणि मोर्तब

वर्षांतून एकदां, बहुधा नोव्हेंबर महिन्यांत, भिंगारच्या निवृत्त सैनिकास आपण हयात असल्याचा दाखला सरकारला द्यावा लागतो. नगर शहराला लागून असलेल्या या गांवाला छावणीचा शेजार फार जुना. रणगाडा दलाचें शिक्षणकेंद्रहि १९४८ पासून नगरासच आहे. सैन्याच्या निवृत्तिवेतनावर संसार चालविणारीं घरें येथें असणें मग स्वाभाविकच. पूर्वीं त्या वृद्धास बँकेंत जाऊन अधिकाऱ्यापुढें प्रत्यक्ष उभें राहावें लागे. १० नोव्हेंबर २०१४ रोजीं 'जीवन प्रमाण' योजना सुरू झाली, तेव्हांपासून बोटाचा ठसा, आणि २०२१ पासून चेहऱ्याची प्रतिमा, यंत्रावाटे पाठवून हें काम होऊं लागलें. सोय मोठी झाली यांत शंका नाहीं. परंतु त्या सोयीबरोबर एक विलक्षण स्थिति उत्पन्न झाली आहे. माणूस भिंगारांत बसलेला असतो, आणि तो जिवंत आहे कीं नाहीं याचा निवाडा शेकडों मैलांवरचें एक यंत्र करतें. त्या दोहोंमध्यें जातो येतो तो केवळ एक संदेश. तो संदेश खोटा ठरला तर जिवंत माणसाचें वेतन थांबतें. आणि खोटा असून खरा ठरला तर मेलेल्या माणसाचें वेतन दुसराच कोणी उचलतो.

अशा कामांस आज 'वेब सेवा' म्हणतात. दूर बसून मागणी पुरविणारें यंत्र तो सर्व्हर, आणि हातांतला फोन किंवा दुकानांतला संगणक हा त्याचा क्लायंट. कोर्टाच्या भाषेंत क्लायंट म्हणजे अशील. येथें मात्र 'मागणी करणारा' एवढाच त्याचा अर्थ. एक मागणी जाते, एक उत्तर येतें, व्यवहार संपतो. विजेचें बिल, रेल्वेचें तिकीट, सात-बाराचा उतारा, भाजीवालीला फोनवरून दिलेले चाळीस रुपये, या सर्वांच्या मुळाशीं हीच जोडी आहे.

या संदेशांच्या सुरक्षिततेविषयीं सुशिक्षित घरांतून एक समजूत दृढ झालेली आढळते. पत्त्याच्या आरंभीं 'एचटीटीपीएस' हीं अक्षरें असलीं, किंवा शेजारीं कुलुपाचें चित्र असलें, कीं सर्व कांहीं ठीक! ही समजूत इतकी पसरली कीं गूगलनें २०२३ मध्यें आपल्या क्रोम ब्राउझरमधील पत्त्याशेजारचें तें कुलूपच काढून टाकलें. कारण लोक त्या चित्राचा अर्थ 'हें स्थळ विश्वासू आहे' असा करूं लागले होते. कुलुपाचा अर्थ एवढाच होता कीं वाट बंदिस्त आहे. वाटेच्या टोकाला कोण बसला आहे, सावकार कीं भामटा, हें कुलूप सांगत नाहीं.

वाट बंदिस्त करणें, कागद खरा असणें आणि कागद घेणारा खरा असणें या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हा भेद आपल्याकडील जुन्या कारकुनांस व सराफांस पक्का ठाऊक होता. तो समजण्यासाठीं यंत्रविद्येची मुळींच गरज नाहीं. भिंगार हें गांव नगर शहराच्या आधींचें. १४९० मध्यें अहमद निजामशहानें भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढें त्या परिसरांत आपलें शहर वसविलें. १७०७ मध्यें औरंगजेबानें शेवटचा श्वास घेतला तोहि भिंगारजवळच. निजामशाही, मोगल, मराठे आणि इंग्रज अशा चार राजवटींचे जासूद या भागांतून धांवले. जासूद वाटेंत पकडला जाईल, थैली फोडली जाईल, हें प्रत्येक राजवट गृहीतच धरून चाले. म्हणूनच थैलीवर सगळी भिस्त ठेवण्याची पद्धति नव्हती.

मराठेशाहींतील राजपत्र पाहावें. पत्राच्या माथ्यावर शिक्का असे, आणि मजकूर जेथें संपला तेथें दुसरी लहान मुद्रा, म्हणजे मोर्तब. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आज सहज बोलण्यांत येतो. त्यांतील दुसऱ्या अर्ध्याचें प्रयोजन मात्र विस्मरणांत गेलें आहे. शिक्का हें पत्र कोणाचें तें सांगे, तर मोर्तब हें पत्र येथें संपलें, याखालीं कांहीं आढळल्यास तें आमचें नव्हे, असें सांगे. लांब पत्रास कागद जोडावे लागत, तेव्हां जोडावर पाठीमागून शिक्का उमटवीत. मधला तुकडा काढून दुसरा घातला तर अर्धा शिक्का अर्ध्याशीं जुळावयाचा नाहीं. थैली कोणाच्याहि हातीं पडो, कागद स्वतःची साक्ष स्वतःच देई.

हुंडीची रीति याहून कुशल होती. हुंडींत रकमेचा आंकडा तर असेच, पण त्याबरोबर 'निमे रुपये इतके, त्यांचे दुप्पट' असेंहि लिहीत. एक शून्य वाढविणारास दोन ठिकाणीं हिशेब जुळवावा लागे. हुंडी लिहिणारा आपल्या आडत्यास वेगळें सूचनापत्र पाठवी, म्हणजे रकमेची खबर दुसऱ्या वाटेनें आधींच पोंचलेली असे. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारांत पत असलेल्या शहालाच मिळत, रस्त्यावरच्या कोणालाहि नव्हे. मूळ हुंडी गहाळ झाली तर पेठ, तीहि गेली तर परपेठ. परंतु पैसे एकदांच. आणि पैसे देऊन झाले कीं ती हुंडी 'खोका' होई. तिच्या बळावर पुन्हां कोणी दमडी मागूं शकत नसे. मूळ, फेरफार, अधिकार आणि पुनरावृत्ति, या चारहि प्रश्नांचीं उत्तरें त्या एवढ्याशा कागदांत होतीं. आजच्या वेब सेवेपुढें अगदीं हेच चार प्रश्न आहेत.

प्रथम लखोटा पाहूं. आजच्या लखोट्याचें नांव 'टीएलएस'. फोन सर्व्हराला गांठतो तेव्हां सर्व्हर आपलें प्रमाणपत्र पुढें करतो; एखाद्या मान्य संस्थेनें त्यावर सही केलेली असते. मग दोन्ही यंत्रें त्या भेटीपुरती एक गुप्त किल्ली ठरवितात, आणि पुढचें सर्व बोलणें त्या किल्लीनें बंद होऊन जातें. वाटेंतल्या चोराला तें वाचतां येत नाहीं, आणि त्यांत एक अक्षर बदललें तरी तें पलीकडे ओळखूं येतें. ही व्यवस्था उत्तम आहे. तिच्याशिवाय कांहींच चालूं नये. पण लखोटा जेथें फोडला जातो तेथें त्याचें कार्य संपतें. आणि आजचा संदेश एकाच ठिकाणीं फोडला जात नाहीं. दुकानदाराचा संगणक, मधली कंपनी, बँक, बँकेच्या पलीकडचें मध्यवर्ती केंद्र, अशा चार-पांच चौक्यांवर तो उघडतो आणि नव्या लखोट्यांत पुढें जातो. प्रत्येक चौकीवरचा मनुष्य प्रामाणिक असेल असें गृहीत धरणें हा व्यवहार नव्हे.

म्हणून मोर्तब लखोट्यावर न करतां कागदावर करावें लागतें. वेब सेवांसाठीं अशी रीति ठरविणारा एक प्रमाणलेख 'ओएसिस' या संस्थेनें २००४ मध्यें मान्य केला. मजकुराच्या नेमक्या कोणत्या भागावर सही करावी, कोणता भाग गुप्त ठेवावा, वेळेची नोंद कोठें करावी हें त्यांत सांगितलें आहे. या सहीचें मर्म दोन किल्ल्यांच्या जोडींत आहे. खाजगी किल्ली सही करणारापाशीं राहते, सार्वजनिक किल्ली जगाला दिलेली असते. खाजगीनें केलेली सही सार्वजनिकानें तपासतां येते, पण सार्वजनिकावरून नवी सही बनवितां येत नाहीं. आपल्याकडे २०१६ मध्यें सुरू झालेल्या यूपीआयच्या व्यवहारांत बँका व मध्यवर्ती केंद्र एकमेकांस जे संदेश पाठवितात त्यांवर अशी सही असते. भाजीवालीला पैसे देतांना टाइप केलेला गुप्त अंक फोनमध्येंच बंद केला जातो. ज्या ॲपमधून तो दिला त्या ॲपच्या मालकालाहि तो वाचतां येत नाहीं. हयातीच्या दाखल्याचें तेंच. ठसा यंत्रावरच एका तात्पुरत्या किल्लीनें बंद होतो, आणि ती किल्ली आधार प्राधिकरणाच्या सार्वजनिक किल्लीनें बंद होते. ज्या दुकानांत सुभेदारसाहेब अंगठा टेकवितात त्या दुकानदाराच्या संगणकावरून तो ठसा जातो खरा, परंतु तें गांठोडें सोडण्याचें साधन त्याच्यापाशीं नसतें.

सही आहे एवढ्यानेंहि भागत नाहीं, हें अनुभवानें कळलें. २०११ मध्यें जर्मनींतील बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनीं ॲमेझॉनच्या भाड्यानें मिळणाऱ्या संगणकांच्या सेवेंत एक छिद्र दाखविलें. सही केलेला मूळ मजकूर त्यांनीं पत्रांतल्या पत्रांत बाजूस सरकविला, आणि जेथें तो होता तेथें दुसरी, बिनसहीची आज्ञा ठेवली. सही तपासणाऱ्या कारकुनानें सही शोधली. ती अस्सल, जिच्यावर केली तो मजकूरहि शाबूत! त्यानें मान डोलावली. काम करणाऱ्या कारकुनानें मात्र आज्ञा वाचली ती नेहमीच्या जागेवरची, म्हणजे खोटी. जोडावर शिक्का मारणाऱ्या मराठी कारकुनाला हें कपट समजावून सांगावें लागलें नसतें. ॲमेझॉननें तें छिद्र बुजविलें. पण अशा कपटाचें वर्णन २००५ पासून विद्वानांच्या लेखांतून प्रसिद्ध होतें, आणि तरीहि सहा वर्षांनीं एवढ्या मोठ्या पेढीवर तें चाललें. तपासणारा आणि अंमल करणारा हे दोघे एकच कागद, एकाच डोळ्यांनीं वाचीत आहेत ना, हें पाहणें म्हणूनच अगत्याचें असतें.

यापुढचा प्रश्न खोक्याचा. खरी सही असलेला खरा संदेश चोरानें जसाच्या तसा टिपून ठेवला आणि उद्यां पुन्हां पाठविला तर? त्यांत खोटें असें कांहींच नाहीं. फक्त तो शिळा आहे. यास्तव प्रत्येक संदेशांत वेळ घालतात, आणि पुन्हां कधीं न येणारा एक अंक घालतात. सेवा ते अंक ध्यानांत ठेवते. तोच अंक दुसऱ्यांदा आला कीं संदेश परत. संकेतशब्द चोरीस गेला तर बदलतां येतो. अंगठा कसा बदलावा? २०१७ च्या आरंभीं आधार प्राधिकरणानें, कांहीं ठिकाणीं लोकांचे ठसे साठवून ते पुन्हां पुन्हां वापरले गेल्याची तक्रार पोलिसांत केली. नोंदणी झालेल्या ठसायंत्रांचा नियम त्याच वर्षीं आला. असें यंत्र ठसा घेतांनाच त्यावर स्वतःची सही व वेळ घालतें; त्यामुळें कालचा ठसा आज चालत नाहीं.

अधिकाराच्या प्रश्नाविषयीं थोडक्यांत सांगतां येईल, कारण तेथील चूक अगदीं साधी आणि म्हणूनच लाजिरवाणी असते. माणूस खरा, सही खरी, वेळ ताजी. पण त्यानें मागितलेला कागद त्याचा आहे का? एखाद्या सेवेकडे ग्राहकानें 'खातें क्रमांक ४१७ चें बिल दाखवा' अशी मागणी केली, आणि मग ४१७ च्या जागीं ४१८ घातलें, तर पुष्कळ सेवा शेजाऱ्याचें बिल निमूटपणें दाखवितात. वेब सेवांच्या दोषांची यादी करणाऱ्या 'ओवास्प' या संस्थेनें २०१९ मध्यें आणि पुन्हां २०२३ मध्यें हाच दोष पहिल्या क्रमांकावर ठेवला. दारावर पहारेकरी उत्तम ठेवावा, आणि आंत गेल्यावर सगळ्या खोल्या उघड्या असाव्यात, असा हा प्रकार.

आतांपर्यंतचा विचार मागणी करणाराविषयीं झाला. उत्तर देणारा खरा आहे का, हा प्रश्न लोकांच्या मनांत क्वचितच येतो. त्याचें उत्तर महाराष्ट्राला २०१८ मध्यें फार महाग पडलें.

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ मध्यें स्थापन झाली. शनिवार, ता. ११ ऑगस्ट २०१८ रोजीं दुपारपासून रात्रीपर्यंतच्या कांहीं तासांत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून त्या बँकेच्या नांवावर सुमारे ७८ कोटि रुपये काढले गेले. भारतांतील यंत्रांतून, त्यांत कोल्हापूरहि आलें, आणखी सुमारे अडीच कोटि गेले. सोमवारीं, १३ तारखेस, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेमार्फत जवळजवळ १४ कोटि रुपये हाँगकाँगच्या एका बँकेंत रवाना झाले. एकूण रक्कम सुमारे ९४ कोटि. पैसे काढणारांच्या हातांत बनावट कार्डें होतीं. परंतु नुसत्या बनावट कार्डांवर इतक्या देशांत हजारों वेळां पैसे मिळत नाहींत. प्रत्येक वेळीं यंत्र बँकेला विचारतें : हें कार्ड तुमचें का, खात्यांत एवढी शिल्लक आहे का, पैसे देऊं का? ही विचारणा ज्या यंत्रणेवर येते तिला 'स्विच' म्हणतात. स्विचनें ती बँकेच्या मुख्य खतावणीकडे न्यावी आणि तिकडचें उत्तर परत द्यावें, असा क्रम असतो. चोरांनीं बँकेच्या यंत्रणेंत दुष्ट प्रोग्रॅम घुसवून स्वतःचा एक तोतया स्विच उभा केला. जगभरांतून आलेल्या विचारणा त्या तोतयाकडे वळल्या, आणि खतावणीला न विचारतां तो प्रत्येकाला एकच उत्तर देत राहिला : द्या.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता. त्याला निदान माणसांच्या डोळ्यांसमोर उभें राहावें लागलें, आणि ओळखणारीं माणसें पुण्यांत होतीं. या तोतयाला पाहणारें कोणी नव्हतें. यंत्रानें विचारलें, यंत्रानें उत्तर दिलें. एटीएमवाल्या परदेशी बँकांची यांत कसलीहि चूक नव्हती; त्यांना ठरलेल्या वाटेनें, ठरलेल्या स्वरूपांत होकार मिळाला होता. खातेदारांच्या शिलकेला धक्का लागला नाहीं, कारण खतावणीला या व्यवहारांची वार्ताच नव्हती; भुर्दंड बँकेवर पडला. योगायोग असा, कीं लखोट्याची नवी व अधिक भक्कम आवृत्ति, टीएलएस १.३, त्याच ऑगस्ट महिन्यांत प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. पण चोरांनीं लखोट्याला हातच लावला नव्हता. ते लखोटा फोडणाराच्या गादीवर जाऊन बसले होते.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळानें २०१९ च्या अहवालांत या दरोड्याचा संबंध उत्तर कोरियाशीं जोडला. पुण्याच्या न्यायालयानें २०२३ मध्यें ११ जणांस दोषी ठरविलें. तीं माणसें मुख्यतः बनावट कार्डें घेऊन यंत्रांपुढें उभीं राहिलेलीं होतीं. गादीवर बसलेला तोतया कोणाचा, त्याच्या धन्यापर्यंत भारतीय कोर्टाचा हात पोंचला नाहीं.

या प्रकरणानें एक गोष्ट उघड झाली. विचारणा करणारानें उत्तराचीहि सही मागितली पाहिजे, आणि ती सही करणारी किल्ली अशा ठिकाणीं ठेविली पाहिजे कीं यंत्रणेंत शिरलेल्या चोरालाहि ती उचलतां येऊं नये. यासाठीं वेगळी पोलादी पेटी असते. सहीचें काम ती आंतल्या आंत करते, किल्ली बाहेर देत नाहीं, आणि जबरदस्ती झाल्यास ती किल्ली पुसून टाकते. शिवाय खतावणी आणि स्विच यांचे हिशेब घटकाघटकाला ताडून पाहिले पाहिजेत. खतावणींत एकहि व्यवहार नाहीं आणि स्विचमधून हजारों होकार गेले, ही विसंगति शनिवारीं दुपारींच कोणाच्या तरी टेबलावर यावयास हवी होती. जुन्या पेढीवर दिवेलागणीला रोकड आणि रोजमेळ जुळल्याखेरीज दुकान बंद होत नसे. मधल्या काळांत यंत्रावर विसंबून ती शिस्त सैल झाली, असें म्हणणें कठोर वाटलें तरी अन्यायाचें होणार नाहीं.

ही सारी व्यवस्था खर्चाची आहे, आणि तेथेंच लहान गांवांचा प्रश्न येतो. नगर जिल्हा सहकाराचा. नागरी सहकारी बँका येथें घरोघरच्या ओळखीच्या. अशा बँकेला स्वतःचा स्विच, स्वतःच्या पोलादी पेट्या आणि रात्रंदिवस पहारा परवडत नाहीं. ती ही सेवा एखाद्या मोठ्या कंपनीकडून भाड्यानें घेते, आणि एका कंपनीच्या खांद्यावर शेंकडों बँका बसतात. रिझर्व्ह बँकेनें ३१ डिसेंबर २०१९ रोजीं नागरी सहकारी बँकांसाठीं सुरक्षिततेचे चार स्तर ठरवून दिले. बँकेचे यांत्रिक व्यवहार जितके अधिक, तितकी तिच्यावर जबाबदारी अधिक. एटीएमचा स्विच भाड्यानें देणाऱ्या कंपन्यांनीं काय पाळावें याचेहि नियम तिनें त्याच दिवशीं दिले.

त्यांची कसोटी जुलै २०२४ च्या अखेरीस लागली. सहकारी व ग्रामीण बँकांना सेवा पुरविणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर प्रोग्रॅमचा हल्ला झाला. राष्ट्रीय देयक महामंडळानें ३१ जुलैला त्या कंपनीचा आपल्या जाळ्याशीं असलेला संबंध तोडला, आणि तिचे संदेश, खरे असोत वा खोटे, घेण्याचें बंद केलें. सुमारे ३०० लहान बँकांच्या खातेदारांचे व्यवहार अडले. यंत्रणेची तपासणी झाल्यावर दुसऱ्या दिवशीं संबंध पुन्हां जोडण्यांत आला. तोंवर त्या बँकांच्या माणसांना यूपीआयऐवजीं नोटा मोजून बाजार करावा लागला.